बेल्ट चार लॉक

भाग्यलक्ष्मीला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती कंट्रोल रूमच्या दाराची. दार तिच्या पाठीमागे होतं आणि उघडताना मुळीच आवाज करायचं नाही. कुण्या शहाण्याने बिजागऱ्यांना तेल पाजून ठेवलं होतं. त्या शहाण्याला तिने मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या की त्याला रोज उचकी लागत असणार.

दारातून कोणी आत आलं तर त्याला समोर काय दिसणार? कंप्युटरच्या पडद्यावर पंज्याएवढाली अक्षरं. ती बघून तो विचारणार, "भाग्यबाय, ह्या एवढा मोठा कित्याक केला?" उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते दिलं की खुर्ची गेली. आणि ही खुर्ची तिला कुणी आरतीच्या ताटात घालून दिलेली नव्हती.

डिचोलीच्या अलीकडे, खाणीच्या पायथ्याशी, खनिज फोडून चाळायचा तो प्लांट होता. डोंगरावरून ट्रकांनी आणलेला माल क्रशरमध्ये फुटायचा, चाळणीतून जायचा, मग जाड माल तीन नंबरच्या बेल्टवरून एका ढिगावर आणि बारीक माल चार नंबरच्या बेल्टवरून दुसऱ्या ढिगावर पडायचा. हे सगळं चालू करायचं आणि बंद करायचं ते वरच्या खोलीतून, भाग्यलक्ष्मीने. पूर्वी तिथे लोखंडी पॅनेल होतं. अंगठ्याएवढी बटणं, वर लाल-हिरवे दिवे. डोळ्यांवर फडकं बांधलं असतं तरी तिने प्लांट चालवला असता. मग खाण बंद पडली आणि ती इब्रामपूरला घरी बसून आमसुलं सुकवत राहिली. वर्षं गेली. खाण पुन्हा सुरू झाली तेव्हा मालक नवे होते, पॅनेल भंगारात गेलं होतं आणि त्याच्या जागी कंप्युटर आला होता. पडद्यावर प्रत्येक बेल्टची एक ओळ. डावीकडे नाव, मध्ये आकडे, अगदी उजवीकडे 'लॉक' असा चौकोन. त्या चौकोनावर क्लिक केलं की तो बेल्ट कुणालाही चालू करता येत नसे. सुधारणा झाली म्हणे. नव्या मालकांनी जुन्यांतली जी मोजकी माणसं घेतली त्यांत ती होती, आणि वरच्या खोलीत बसणारी बाई ती एकटीच.

मागच्या उन्हाळ्यात तिला वाटलं, पडदा मळलाय. तिने तो पदराने पुसला. दुसऱ्या दिवशी परत पुसला. मग लक्षात आलं की मळ पडद्यावर नाही. आकड्याकडे सरळ बघितलं की आकडाच नाहीसा व्हायचा, जरा बाजूला बघितलं की कडेने दिसायचा. म्हापशाच्या डॉक्टरने डोळ्यांत थेंब घालून तपासलं आणि सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, कडेचं दिसत राहील, चष्म्याचा नंबर वाढवून काही होणार नाही. नवरा शिवदास मुरगावला बंदरात क्रेनवर असायचा, रविवारी घरी यायचा. त्याला तिने सांगितलं, "चष्मो बदलूक सांगला." तो बरं म्हणाला आणि जेवायला बसला.

पण बहिणीपासून लपलं नाही. प्राजक्ता वास्कोला एका शाळेत कंप्युटर शिकवायची. चवथीला माहेरी आली होती. करंजीसारख्या नेवऱ्या लाटताना एकदम थांबली.

"ताई, तू माझ्या कानाकडे बघान कित्या बोलतस?"

भाग्यलक्ष्मीने मान खाली घातली, आणि मग पिठाच्या हातांनी ढसाढसा रडली. प्राजक्ताने तिला रडू दिलं, तोंड धुवायला लावलं आणि आपला लॅपटॉप उघडला.

"ह्या बघ. ही खिडकीची खूण असलेली की दाबून धर आणि अधिकाचा चिन्ह दाब. आणखी दाब. मोठा झाला? उणे दाबलंस की परत ल्हान." तिने बाण जाडजूड केला, पिवळा केला, पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं केलं. भाग्यलक्ष्मी बघतच राहिली. कितीतरी दिवसांनी तिला अक्षराचं पोट दिसलं होतं.

"आता नीट आयक," प्राजक्ता म्हणाली. "ह्येचे प्रकार आसत. एक पुऱ्या पडद्याचो. सगळा मोठा होता, पण पडद्याचो एक तुकडोच दिसता. माऊस सरकयलंस की दुसरो तुकडो. दुसरो पट्टीचो. वर पट्टीत मोठा दिसता, खाली सगळो पडदो आसा तसोच रवता. तू पट्टीच घे. पुऱ्या पडद्यात तुका घर दिसतला, पण खयच्या वाड्यातला ता कळाचा नाय."

"पट्टी बंद करूक येता? पटकन?"

"येता. खिडकीची की आणि एस्केप, दोनय एकदम. कोणताय बंद होता. पण बंद कित्याक करतलंस?"

भाग्यलक्ष्मीने नेवऱ्यांचं ताट पुढे ओढलं.

"तू साहेबाक सांगूचा नाय, असाच मां?" प्राजक्ता चिडली. "अगो, ह्या लपवूची गोष्ट न्हय. सांग आणि पट्टी लाव. कोण खाता काय तुका?"

बोलायला काय जातं! वास्कोच्या शाळेत पंख्याखाली बसून सांगणं सोपं असतं. खाणीवर एका जागेसाठी दहा जण टपलेले असतात, आणि त्यांतल्या नऊ जणांना वाटतं की बाईमाणसाने वर बसूच नये.

पावसाळा संपला, प्लांट सुरू झाला. पहिल्याच सकाळी, खोलीत कोणी नसताना, भाग्यलक्ष्मीने दोन्ही प्रकार लावून बघितले. पट्टी खरंच सोयीची होती. पण पट्टी ही कायम वर दिसत राहायची वस्तू. दारातून आलेल्या माणसाला पहिली तीच दिसली असती, आणि पट्टी घालत-काढत बसलं की खालचा सगळा पडदा वरखाली व्हायचा. पुऱ्या पडद्याचं तसं नव्हतं. हवं तेव्हा मोठं करायचं, वाचायचं, दोन बोटं दाबायची, झालं पूर्वीसारखं. तिने पुरा पडदा घेतला. डावा हात कायम त्या दोन कीवर ठेवायची सवय लावली. पाठीमागे चाहूल लागली की बोटं आपोआप दाबली जायची. रात्री भाकरी थापतानाही डाव्या हाताची दोन बोटं ताठ राहायची.

आता या प्लांटची एक रीत सांगायला हवी. कायद्याप्रमाणे बेल्टखाली शिरणाऱ्या माणसाने आधी इलेक्ट्रिक रूममध्ये जाऊन त्या बेल्टचा स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी खिशात ठेवायची. पण इलेक्ट्रिक रूम आवाराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये घोट्यापर्यंत लाल धूळ. कोण जातो? इथे फिटर वायरलेसवर सांगायचा, भाग्यलक्ष्मी पडद्यावर लॉक करायची आणि कळवायची. ती 'लॉक' म्हणाली की फिटर आत शिरायचा. तिचा शब्द कधी चुकला नव्हता. फिटर विठ्ठल दोडामार्गहून मोटरसायकलने यायचा. मोठा संशयी माणूस. बाजारातला नारळसुद्धा तो चार वेळा हलवून घ्यायचा. पण नव्या पोरांना सांगायचा, "भाग्यबायन सांगला म्हणजे कुलूपच पडला समजा."

हे भाग्यलक्ष्मीच्या कानावर यायचं. ती प्रत्येक वेळी ओळ वाचायची, परत वाचायची, घाम पुसायची. आतापर्यंत निभावलं होतं.

त्या दिवशी मुरगावला बोट लागली होती आणि मॅनेजर सावळसाहेबांचा सकाळपासून जीव वरखाली होत होता. बोटीपर्यंत माल नेणाऱ्या बार्ज भरायच्या होत्या आणि नेमका चार नंबरचा रोलर अडकला. सगळी लाईन थांबली.

"भाग्यबाय," वायरलेसवर विठ्ठलचा आवाज आला, "चाराचो रोलर बदलूचो लागतलो. मी भितर जातंय. लॉक कर."

"रव हां."

तिने पडदा मोठा केला. माऊस सावकाश खाली नेला. बेल्ट एक, बेल्ट दोन, बेल्ट तीन, बेल्ट चार. चार. आता उजवीकडे. सरकताना नाव डावीकडून बाहेर गेलं, आकडे आले, आकडेही गेले. लॉकचा चौकोन येणार इतक्यात पाठीमागे वहाण घासली.

बोटं दाबली गेली. पडदा लहान झाला. तिचा उजवा हातही दचकला होता, ते तिला कळलं नाही.

खालच्या लॅबमधला साईश होता. मालाचे नमुने तपासणारा, एका हातात चहा, दुसऱ्यात पाव. "बाय, उंडो हाडलाय चायेबरोबर, खाणार?"

"मागीर. ठेव थंय."

साईशला बोलायची हौस. बोटीबद्दल बोलला, सावळसाहेबांच्या रागाबद्दल बोलला, खिडकीतून ढिगाकडे बघत उभा राहिला. भाग्यलक्ष्मी कोरड्या तोंडाने हं हं करत होती. जा रे बाबा, जा. शेवटी तो गेला. वायरलेसवर विठ्ठल म्हणाला, "झाला काय गो? साहेब बोंबलता हंय."

तिने घाईघाईत पडदा परत मोठा केला. माऊस जिथे होता तिथलाच तुकडा समोर आला. लॉकचा चौकोन. तिने क्लिक केलं. चौकोन पिवळा झाला.

"बेल्ट चार लॉक, विठू."

"बरा."

तो आत शिरला. बेल्टच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांमधली जागा म्हणजे माणसाने कुशीवर पडून सरकायची जागा. तिने चहाचा घोट घेतला. चहा निवला होता.

फोन वाजला. सावळसाहेब. "भाग्यलक्ष्मी, चार नंबर दुरुस्त होईपर्यंत थांबणार काय आपण? जाड माल तीनवरून सोड, बारीक तोवर चाळणीखाली साचू दे. लाईन चालू कर, आत्ताच्या आत्ता."

"चार लॉक केलाय सर. बाकीची लाईन सोडते."

तिने 'लाईन चालू' दाबलं. आवारात भोंगा सुरू झाला. भोंगा वाजून थांबला की ज्या ज्या बेल्टला लॉक नाही तो तो बेल्ट सुटतो, अशी रचना होती. ती माऊस सरकवत बघू लागली. बेल्ट एक, तयार. बेल्ट दोन, तयार. बेल्ट तीन.

बेल्ट तीन, लॉक.

तिला आधी अर्थच लागला नाही. तीनला कोणी लॉक केलं? तीनला तर कोणीच... आणि मग पाठीच्या कण्यातून बर्फासारखं काहीतरी खाली उतरलं. तीनला तिनेच लॉक केलं होतं. म्हणजे चार मोकळा होता. चार नंबर सुटायच्या तयारीत होता आणि विठ्ठल त्याच्या पोटात होता.

"विठू! भायर सर!" ती वायरलेसवर ओरडली. भोंग्यात ते कुणाला ऐकू जाणार? आणि भोंगा त्याने ऐकलाच असणार. पण तो हलणार नव्हता. त्याला काय, आपला बेल्ट लॉक आहे, भोंगा दुसऱ्यांसाठी आहे. तिनेच सांगितलं होतं.

पडद्यावर थांबवायचं बटण कुठेतरी कोपऱ्यात होतं. तिने माऊस तिकडे ढकलला, तर सगळा पडदा गर्रकन सरकला, अक्षरं एकमेकांवरून धावली, कोपरा कुठला आणि मधलं कुठलं, काही कळेना. तिने दोन बोटं दाबली. सगळं लहान झालं आणि जिथे बघावं तिथे राखाडी डाग. देवी सातेरी, देवी सातेरी. ती खुर्चीवरून उठली, खुर्ची आडवी पडली, दोन्ही हात पुढे करून ती दाराकडे धावली. दाराशेजारच्या भिंतीवर धोक्याचं लाल बटण होतं. तिने ते दोन्ही हातांनी दाबलं आणि दाबूनच धरलं.

भोंगा तुटला. सगळा प्लांट गप्प झाला. खाली कुठेतरी कुत्रा भुंकत होता.

ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. बेल्ट हलला होता की नव्हता? तिला कळत नव्हतं. तिने खिडकीकडे बघितलं, पण एवढ्या लांबचं माणूस तिला कधीच दिसलं नसतं.

वायरलेस खरखरला.

"काय झाला गो बाय? भोंगो मधीच बंद झालो."

विठ्ठलचा आवाज. आख्ख्या विठ्ठलचा. ती तिथेच जमिनीवर बसली.

टेबलावर फोन वाजू लागला होता. सावळसाहेब असणार, बटण कुणी दाबलं ते विचारायला. तिच्या डोक्यात एक विचार आला. अगदी शहाणा, नीटनेटका विचार. कुणाला काही माहीत नाही. आता उठायचं, चारच्या ओळीवर जायचं, क्लिक करायचं. साहेबांना सांगायचं, सेन्सरचा घोळ झाला. नवीन कंप्युटर आहे, घोळ होतात. विठ्ठलचा रोलर होईल, बोट भरेल, ती संध्याकाळच्या बसने घरी जाईल. उद्यापासून जास्त जपायचं. आजच्यासारखी घाई करायची नाही. ती उठली. टेबलाशी गेली, पडदा मोठा केला. या वेळी तिने ओळ दोनदा वाचली, माऊस तसूभरही हलू न देता चारच्या चौकोनापर्यंत नेला. फक्त बोट दाबायचं बाकी होतं.

"भाग्यबाय?" विठ्ठल म्हणाला. आवाज जरा वेगळा होता. "चार लॉक आसा मां?"

त्याने असं कधी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तिला वाटलं, एक क्लिक केलं की 'व्हय' हे खोटंसुद्धा ठरणार नाही. तिने वायरलेस तोंडाजवळ नेला.

"ना, विठू. लॉक नासलो. मी तीन लॉक केलो चुकान. तू भायर ये. आदी भायर ये." आणि मग, सगळ्या प्लांटवर, जिथे जिथे वायरलेस होता तिथे तिथे ऐकू जाईल अशा आवाजात, "माका दिसना. माका बरेच दिवस झाले, नीट दिसना."



त्यानंतर जे व्हायचं ते झालं. सावळसाहेब धापा टाकत वर आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पडद्याकडे बघत राहिले. तिने सगळं सांगितलं, डॉक्टर, प्राजक्ता, पुरा पडदा, दोन बोटं. पट्टी लावूनही दाखवली. साहेब म्हणाले, "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर..." आणि आडवी पडलेली खुर्ची उचलून ठेवली. दुसऱ्या पाळीच्या माणसाला बोलावणं गेलं. तिला घरी जायला सांगितलं, पुढचं कळवू म्हणाले. विठ्ठल वर आलाच नाही. जिना उतरताना तिने त्याला कडेच्या नजरेने बघितलं. तो इलेक्ट्रिक रूमच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. तिला त्याच्याजवळ जायचं धाडस झालं नाही.

रस्त्यावरच्या बस थांब्यावर ती बसून राहिली. समोरून खनिजाचे ट्रक जात होते, अंगावर लाल धूळ बसत होती. नोकरी जाण्याचं दुःख अजून तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिला फक्त भीती वाटत होती, घडून गेलेल्याची. तो क्षण टळला हे तिच्या पोटाला पटतच नव्हतं.

मोटरसायकल तिच्यासमोर येऊन थांबली. विठ्ठल होता. उतरला नाही. इंजिन मात्र बंद केलं.

"तू गप रवली असतस तर माका जन्मात कळला नसता," तो म्हणाला.

"व्हय."

"मगे सांगलंस कित्या?"

"तू विचारलंस म्हणान."

त्याने हसल्यासारखा काहीतरी आवाज केला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता कडेचा कान आणि खांदा. खांदा हलत होता.

"भोंगो वाजलो मां," तो म्हणाला, "तेवां माका भिया वाटला. कसा कोण जाणे, पण वाटला. भायर सरूचा असा मनात इला." त्याने हँडलवरची धूळ पुसली. "पण मी सरलंय नाय. म्हटला, भाग्यबायन सांगला हा."

ती ओक्साबोक्शी रडू लागली. त्याने तिला गप्प केलं नाही, की राहू दे म्हटलं नाही. राहू दे म्हणण्यासारखं ते नव्हतंच. जरा वेळाने त्याने किक मारली, गाडी सुरू झाली नाही. पुन्हा मारली, गाडी घुरघुरून बंद पडली. मग त्याने ती स्टँडवर लावली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. दोघांमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

लांबून बस आली. भाग्यलक्ष्मीने सवयीने डोळे बारीक केले.

"इब्रामपूर," विठ्ठल म्हणाला.

ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि तिथेच थांबली.

"नक्की मां, विठू?"

विठ्ठल बाकावरून उठला, रस्त्याच्या कडेला गेला, पाटीवरचं प्रत्येक अक्षर वाचलं आणि मग तिच्याकडे वळून म्हणाला, "व्हय. नक्की."